दोऱ्याखालचं नाव

रविवार, ५ जानेवारी

जुन्या बाजारात गेलो होतो पितळी नळ शोधायला, आलो वस्तरा घेऊन. गंजके पाने, बंद घड्याळं आणि पाय नसलेला स्टोव्ह यांच्यामध्ये ताडपत्रीवर तो मिटून पडला होता. विक्रेत्याने माझी नजर ओळखली. "दोनशे वर्षांचा माल आहे साहेब. विलायतच्या राजाचा शिक्का बघा. मूठ हस्तिदंती." किंमत दीड हजार.

हस्तिदंत म्हटल्यावर मी तो खालीच ठेवला. वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या, तेव्हापासून भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. पण हात पुन्हा गेलाच. उन्हात मूठ तिरपी धरली. खऱ्या दंताच्या छेदावर एकमेकींना कापणाऱ्या बारीक कमानी दिसतात, हाडावर काळपट ठिपके दिसतात. इथे वहीच्या पानासारख्या सरळ, समांतर रेघा होत्या. म्हणजे नक्कल. मी तसं बोललो आणि साडेतीनशेला सौदा पटला.

घरी येऊन पुसायला घेतला. पातं जिथे मुठीत शिरतं, त्या मानेवर काळा, मेणचट दोरा घट्ट गुंडाळलेला. वीस-पंचवीस वेढे असतील. त्याच्या कडेने मुकुटाचं टोक तेवढं डोकावत होतं. बनवणाऱ्याचा छाप मानेवरच असतो, म्हणून दोरा कात्रीने कापून केरात टाकला.

सोमवार, ६ जानेवारी

तात्यांना दाखवायचा होता, पण सोमवारी त्यांचं सलून बंद. मग भिंग घेऊन बसलो.

मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर'. खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, 'हिज मॅजेस्टी'चे सुरी-कारागीर, शेफील्ड. शेजारी चांदणी आणि माल्टाचा क्रूस. हे चिन्ह या घराण्याला १७६४ साली मिळालं. त्यांच्या मालाच्या नकलाही पुष्कळ निघत, म्हणून अक्षर न् अक्षर तपासलं. स्पेलिंग बरोबर, ठसा खोल.

'जी. आर.' म्हणजे राजा जॉर्ज. प्रश्न एवढाच, की कितवा? चौथा म्हटला तर १८२०चं दशक आणि विक्रेत्याची दोनशे वर्षं खरी. छातीत जरा धडधडलं. मग सगळ्यात खालची ओळ उजेडात आली: 'इंग्लंड'. अमेरिकेने १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि त्यानंतर शेफील्डच्या पात्यांवर हा शब्द सर्रास दिसू लागला. म्हणजे चौथा जॉर्ज बाद. उरले पाचवा (१९१० ते १९३६) आणि सहावा (१९३६ ते १९५२). एका शब्दाने वस्तऱ्याचं वय निम्म्यावर आलं.

बुधवार, ८ जानेवारी

मूठ अंगठ्याने जोरजोरात चोळली आणि नाकाशी नेली. कापूर! सेल्युलॉइड कापूर घालूनच करतात. तापलेली सुई टोचून बघायची रीत काहीजण सांगतात, ती इथे जिवावर बेतेल, कारण सेल्युलॉइड भडकन पेटतं. शिवाय जुनं झालं की त्यातून निघणाऱ्या वाफा पोलाद खातात. म्हणून वस्तरा बंद डबीतून काढून उघड्या फळीवर ठेवला.

पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट घासणी आहे. जुने वस्तरे पाचरीसारखे, पाठीकडून धारेकडे सरळ उतरत जाणारे असत. पातळ, पोकळ घासणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. वय पुन्हा जुळलं. नखाने पातं वाजवलं तर आवाज स्वच्छ, म्हणजे तडा नसावा. रुंदी इंचाच्या अष्टमांशात मोजतात. मुठीकडे पाच अष्टमांश, म्हणजे सोळा मिलिमीटर भरली. टोकाकडे चौदाच.

शुक्रवार, १० जानेवारी

आज पोलादाच्या मागे लागलो आणि वाट मुंबईत येऊन पोचली. शेफील्डचं नाव झालं ते बेंजामिन हंट्समनच्या मुशीतल्या पोलादावर, १७४०च्या दशकात. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने आपल्या देशातलं 'वूट्झ' पोलाद लंडनला जोसेफ बँक्सकडे धाडलं. जॉर्ज पिअर्सनने ते तपासून १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. जेम्स स्टोडार्ट हा पाती घडवणारा त्या पोलादावर खूश झाला आणि पुढे त्याने मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले.

गंमत अशी, की पिअर्सनच्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत तयार होणारं' आहे. वूट्झच्या भट्ट्या दक्षिणेत. मुंबईहून ते फक्त जहाजात चढलं. जिथे हातात पडलं, तिथलंच समजलं गेलं.

रविवार, १२ जानेवारी

मोलाचा हिशोब मांडला. जमेच्या बाजूला नामांकित घर, स्वच्छ ठसा, न तडकलेली मूठ. वजाबाकीत पाठीवरचे गंजाचे खड्डे आणि टोकाकडची झीज. धारेवर खड्डा नाही, हे नशीब. संग्राहक आधी पात्याची सरळ, पुरी रुंदी बघतो. एकीकडे झिजलेलं पातं त्याच्या लेखी घटलेला माल. शिवाय रॉजर्सने वस्तरे ढिगाने केले, त्यामुळे दुर्मीळही नाही. पॉलिश कागदाने चकचकीत करायचा मोह झाला, पण त्यात ठशाच्या कडा बुजतात. तेलाचा हात फिरवला आणि थांबलो. साडेतीनशे दिले, ते वाजवीच.

कार्ड लिहिलं. बनवणारा, काळ, मूठ. 'स्थिती'पुढे: टोकाशी झीज, दोष.

मंगळवार, १४ जानेवारी

मंगळवार, त्यात संक्रांत. तात्यांच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. संत सेना महाराजांच्या तसबिरीला ताजा हार. एड्सच्या भीतीने ब्लेडचा वस्तरा आला, तेव्हापासून तात्यांनी असलं पातं हातात धरलं नव्हतं. मी शेफील्ड, जॉर्ज, कापूर असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वस्तरा उघडून धार खिडकीकडे धरली.

"साहेबाच्या घरचा नाही हा. धोकटीतला आहे."

"कशावरून?"

"टोक बघा ना. घरी दाढी करणारा सगळं पातं सारखं वापरतो. आम्हाला कल्ले काढायचे, कानामागचं साफ करायचं, टोकच लागतं. मग निसण्यावर टोकच जास्त चालतं. वडिलांचा असाच झाला होता." त्यांचं बोट मानेवर थांबलं. "इथे दोरा नव्हता?"

"होता."

"साबणाने बोट सटकतं. वडील मेण लावून बांधायचे. ज्याची त्याची गाठ वेगळी. धोकटीत चार वस्तरे असले तरी आपला कोणता ते डोळे मिटून कळायचं." थोडं थांबून म्हणाले, "काढलात का?"

"खाली नाव होतं."

तात्यांनी वस्तरा मिटून परत दिला आणि हातावर तिळगूळ ठेवला.

घरी येऊन कार्डावरचा 'दोष' खोडला. खाली एक ओळ वाढवली: मानेला मेणाचा दोरा होता, गाठ न बघता कापला.