भरला डबा

पदार्थांच्या वासांनाही स्वभाव असतात, असे मला वाटते. फोडणीचा वास भांडकुदळ. तो येतो तोच ठसका लावतो आणि क्षणात निघून जातो. पुरणाचा वास सोवळ्यातला. तो माजघराचा उंबरठा सहसा ओलांडीत नाही. परंतु तूप, साखर आणि मैदा मंद आचेवर भाजू लागला म्हणजे जो वास सुटतो, तो मोठा मिळूनमिसळून वागणारा असतो. तो सावकाश पसरतो, जिना उतरतो, शेजारच्या बिऱ्हाडाचे दार हलकेच ठोठावतो. आणि वीस मिनिटांनी त्या बिऱ्हाडातील मूल काहीतरी निमित्त काढून आपल्या दारात उभे राहते. सरकारी वसाहतींतून तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, परक्या गावात ओळखी करून घेण्याचा याहून सोपा उपाय नाही. त्यातून, एका माणसापुरती नानकटाई कोणी करीत नाही. दोन वाट्या मैदा, वाटीभर तूप आणि वाटीभर पिठीसाखर घेतली की परात भरते, आणि परात भरली की ती कोणाला द्यायची हा विचार आपोआप मनात येतो.

वास्तविक भट्टीत भाजण्याची ही विद्या आपल्या स्वयंपाकघरातील नव्हे. आपली चूल खालून तापते. तवा, कढई आणि मोदकपात्र ही सारी तिचीच लेकरे. वरून आणि खालून सारखी धग देण्याची युक्ती आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. पाठारे प्रभूंच्या घरचे भानोले किंवा गोव्यातील ख्रिस्ती घरांतले बेबिंक झाकणावर निखारे ठेवूनच भाजले जाई. बेबिंकचा तर एक थर भाजून झाल्यावर दुसरा ओतायचा, असे घरातील बाईला कित्येक तास त्या निखाऱ्यांपाशी बसवणारे ते काम. पण पाव, बिस्किटे आणि नानकटाई या वस्तू घराबाहेरून येत. त्या करणारे हात गोव्याकडील ख्रिस्ती पदेरांचे, मुंबईतील इराण्यांचे, गावोगावच्या मुसलमान भट्टीवाल्यांचे. माझ्या आजोळी पावाला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. ओटीवर बसावे, चहात बुडवून खावा, पेला विसळावा आणि मगच आत यावे, असा शिरस्ता होता. मुलांना तो पाव त्यामुळेच अधिक गोड लागे, ही गोष्ट वेगळी.

या पावाने आपल्या समाजात एकेकाळी मोठी खळबळ उडवलेली आहे. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत सभासद होऊ इच्छिणाऱ्यास ख्रिश्चनाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे. जातिभेद मानीत नाही असे तोंडाने म्हणणे सोपे. तो तुकडा गिळणे अवघड, हे त्या मंडळींनी बरोबर ओळखले होते. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी थोर मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच पुढ्यात राहू दिला. पण हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुणेकरांना पुष्कळ दिवस पुरला. एका बिस्किटाने एवढ्या विद्वानांना अडचणीत आणावे, याचे आज हसू येते. पण मला या हकिकतीतील एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. त्या मंडळींवर ठपका आला तो कोणाला काही खाऊ घातल्याबद्दल नव्हे, तर दुसऱ्याच्या हातचे घेतल्याबद्दल. देण्याला समाजाची कधीच ना नव्हती, घेण्याला होती.

असो. आमच्या बिऱ्हाडात भट्टी शिरली ती प्रथम वाळूच्या रूपाने. जाड बुडाच्या पातेल्यात तीन बोटे वाळू घालायची, तीवर लोखंडी तिवई ठेवायची, झाकण घट्ट बसवून वाळू चांगली तापवायची आणि मग आत केकचे भांडे सोडायचे. पुढे काचेची खिडकी असलेला तो अॅल्युमिनिअमचा गोल विजेचा डबा आला, आणि त्या खिडकीला नाक लावून बसणे हा मुलांचा रविवारचा उद्योग झाला. त्याला उष्णता मोजण्याचे साधन नव्हते. चिमूटभर मैदा ताटलीत भुरभुरून आत ठेवायचा आणि तो किती वेळात तांबूस होतो यावरून भट्टीचा रागरंग ओळखायचा. मापांसाठी वाटी आणि चमचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरे'ने वाटी-चमच्याच्या मापांना जी प्रतिष्ठा दिली, तिचे मोल बदलीच्या गावी विशेष कळते. तराजू सामानाच्या कुठल्या पेटीत आहे हे सहा महिने उमगत नाही. वाटी मात्र पहिल्याच दिवशी हाताशी लागते.

बदल्यांनी आम्हांला भूगोल शिकवला तो या डब्याच्या मार्फत. मद्रासेस तूप बारा महिने पातळ राहते. ते तसेच घेतले तर नानकटाई ताटलीभर पसरते, आणि एकेक उचलायला गेले तर सगळीच एक होऊन येते. तेथे परातीखाली थंड पाणी ठेवून तूप फेसावे लागे. दिल्लीच्या जानेवारीत नेमके उलटे. तुपाचा दगड झालेला, आणि तळहाताच्या उबेने तो पांढराशुभ्र, हलका होईपर्यंत फेसता फेसता खांदा भरून येई. सिमल्याची उंची सुमारे २२०० मीटर. हवेचा दाब कमी असल्यामुळे तेथे पाणी सुमारे ९३ अंशांवरच उकळते, आणि केक भराभर फुगून मध्येच खाली बसतो. सोडा थोडा कमी घातला आणि आच थोडी वाढवली म्हणजे त्याचा अहंकार ताळ्यावर येतो. नव्या गावी उतरलेल्या अधिकाऱ्यालाही हाच उपाय लागू पडतो, असे माझी पत्नी म्हणत असे. मी त्यावर भाष्य करीत नाही.

ज्यांच्या घरी असा डबा नसे त्यांचेही अडत नसे. दिवाळी तोंडावर आली म्हणजे पुण्या-मुंबईकडे पिठाचे गोळे रचलेले पत्रे घेऊन बायका बेकरीपुढे रांग लावीत. पाव काढून झाल्यावर भट्टीत जी ऊब उरते, तीत ही नानकटाई सुरेख भाजली जाई. उत्तर हिंदुस्थानातील शहरांतही हीच रीत दिसली तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले. तेथे लोक आटा, तूप आणि साखर आपली घेऊन जातात, आणि भट्टीवाला डोळ्यांदेखत बिस्किटे करून देतो. काश्मीरमध्ये तर मोहल्ल्याचा कांदूर पहाटेच तंदूर पेटवतो आणि साऱ्या आळीची न्याहारी त्याच्या दुकानातून जाते. एका भट्टीच्या उबेवर पन्नास घरांचे खाणे शिजते, तेथे शेजारधर्म निराळा शिकवावा लागत नसावा.

आता आपणा नोकरदारांच्या एका जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळतो. दिवाळीच्या सुमारास आपल्या दाराशी पुष्कळ डबे येतात, आणि त्यांतील कोणता घ्यावा व कोणता परतवावा, हे ठरवताना चांगल्या चांगल्यांची तारांबळ उडते. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ यांतील भेटवस्तूंसंबंधीचा तेरावा नियम आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. प्रासंगिक भोजन किंवा अन्य सामाजिक आतिथ्य यांस भेट समजू नये, असे तो उदारपणे सांगतो; आणि ज्यांचा आपल्याशी कचेरीच्या कामाचा संबंध येतो त्यांचे थाटाचे किंवा वारंवार होणारे आतिथ्य टाळावे, असेही लगोलग बजावतो. नियम शहाण्या माणसांनी केला आहे यात शंका नाही. पण व्यवहारात मला याहून एक सोपी कसोटी सापडली. जो डबा आपण भरून परत पाठवू शकतो, तो निर्धास्त घ्यावा. कंत्राटदाराचा चांदीचा वर्ख लावलेल्या मिठाईचा डबा परत येण्यासाठी पाठवलेलाच नसतो. त्याला आपल्या घरचे काही नको असते. जे हवे असते ते टेबलावरच्या फायलीत असते.

रिकामा डबा परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्या घरांतला जुना नियम. ही कसोटी मी त्यावरूनच घेतली. पण तिला दुसरीही बाजू आहे, आणि ती मला पाटण्यास समजली.

१९८७ सालची दिवाळी. आम्ही रिवाजाप्रमाणे नानकटाई केली आणि डबे वाटले. कचेरीतल्या सफाई कामगाराचे बिऱ्हाड आमच्या बंगल्यामागच्या ओळीत होते. त्याच्याकडेही एक पितळी डबा गेला. त्यात विशेष काही केले असे आम्हांला वाटले नाही. सणासुदीला चाकरमाण्यांच्या घरी फराळ पाठवण्याची चाल सर्वत्र असते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी तेथे छठ येते. त्या व्रतात बायका सुमारे छत्तीस तास पाण्याचा थेंबही न घेता उपवास करतात आणि मावळत्या व उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. प्रसादासाठी मातीच्या चुलीवर, आंब्याच्या लाकडांवर ठेकुआ करतात. गव्हाचे पीठ गुळाच्या पाण्यात घट्ट मळायचे, लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठवायची आणि तुपात तळायचे. उगवतीचे अर्घ्य झाल्यावर त्या सकाळी त्या कामगाराची बायको आमच्या मागच्या दारी आली. हातात आमचाच पितळी डबा, आणि तो ठेकुआंनी भरलेला. डबा पुढे करताना तिने पत्नीच्या चेहऱ्याकडे जे पाहिले, ते मी विसरलेलो नाही. आम्ही डबा घेतो की नाही एवढेच तिला पाहायचे नव्हते. तो पुढे कोठे जातो, हेही पाहायचे होते.

त्या दिवसांत माझी आत्या आमच्याकडे आलेली होती. वय सत्तरीपलीकडे. साऱ्या आयुष्यात तिने धाबळी नेसून स्वयंपाक केला होता, आणि आजोळचा तो पावाचा शिरस्ता तिच्याच देखरेखीखाली चालला होता. पत्नीने डबा स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवला. आत्याने विचारले, "कुणाकडचं गं?"

पत्नीने जे होते ते सांगितले. मी दारात उभा होतो. सांगण्यासारखे काही सुचेना, आणि सुचले असते तरी ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता.

आत्या थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिली. मग तिने हात धुतले, एक ठेकुआ उचलला आणि त्यावरची पानाची नक्षी बोटाने चाचपली. "साच्याचा दिसतोय," ती म्हणाली, "प्रसाद ना? मग दे वाटीत थोडं दूध. दात कुठे राहिलेत आता मला."

दुधात मऊ होण्यास त्या ठेकुआला बराच वेळ लागला. मागच्या दारी ती बाई तोवर उभी होती. आत्याने पहिला घास घेतला तेव्हा तिने पदर सावरला आणि काही न बोलता ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आत्याने स्वतः रवा भाजून लाडू वळले आणि तो डबा भरला. "रिकामा पाठवू नका हो," एवढेच तिने बजावले. सुधारणेवर ती एक शब्दही बोलली नाही. परमहंस सभेचे नाव तिने ऐकले असेल असे मला वाटत नाही.

तो पितळी डबा नंतर दोन वर्षे त्या दोन घरांमध्ये ये-जा करीत होता. कधी नानकटाई, कधी सत्तूची लिट्टी, कधी नुसता हरभऱ्याचा पाला. माझ्या ध्यानात आले की, त्यापूर्वी आम्ही जे वाटत होतो ते दान होते. चांगल्या मनाने केलेले, पण दानच. वाटून खाणे सुरू झाले ते त्या घरचा डबा आमच्या ओट्यावर आला तेव्हा. कोणी कितीही गोड खाऊ घातले तरी हात वर-खालीच राहतात. ज्याच्या घरचे आपण आवडीने मागून घेतो, तोच आपला स्नेही.

बदलीचा हुकूम आला त्या वेळी पाळी त्यांची होती. ट्रक भरला गेला, दोर आवळले गेले, आणि अगदी निघताना तो डबा भरून आला. परत पाठवण्यास सवड राहिली नाही. पुढे तेही बिऱ्हाड तेथून हलले आणि ठावठिकाणा लागला नाही. म्हणून तो डबा अजून आमच्याच फळीवर आहे. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर आम्ही देणेकरी आहोत. आणि आयुष्यभर जमाखर्च नीट ठेवण्याची सवय असूनही, ही एक बाकी फिटली नाही याचे मला वाईट वाटत नाही. ते घर अजून आपल्याकडे काही मागू शकते, ही भावना सुखाची आहे.

बदलीच्या गावी नुकत्याच उतरलेल्या तरुण मंडळींनी पेट्या उघडताना परात आणि वाटी आधी काढावी, हे तर मी सांगेनच. पहिल्याच रविवारी काहीतरी भाजावे आणि वास जिन्यावरून खाली जाऊ द्यावा. डबे मोकळ्या हाताने वाटावेत. पण कोणाकोणाकडून ते भरून परत येतात, आणि आलेले आपण कोठे नेऊन ठेवतो, याकडेही लक्ष असावे.