रंजना पहिली की बेला बोस?

कोलकात्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही २४४११३९ हा आकडा सांगून पाहा. हा टेलिफोन नंबर आहे हे तो सांगेल, बेला बोस नावाच्या मुलीचा आहे हेही सांगेल, आणि बहुधा उभ्या उभ्या गुणगुणायला लागेल. अंजन दत्त यांच्या ‘शुनते कि चाओ’ या १९९४ सालच्या अल्बममधलं हे गाणं. एका तरुणाला कशीबशी नोकरी लागली आहे. पगार अकराशे रुपये, तीन महिन्यांनी कायम होणार. ही बातमी तो सार्वजनिक फोनवरून बेलाला सांगू पाहतोय. फोनचा मीटर चढत चाललाय आणि पलीकडून बेलाचा आवाज काही येत नाही. गाणं गाजलं तसे लोक खरोखरच तो नंबर फिरवायला लागले आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांची झोप उडाली. आता शहरातले लँडलाइन नंबर आठ आकडी झालेत. हा सात आकडी नंबर मात्र कुणी विसरलेलं नाही.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही पुण्याहून कोलकात्याला आलो आणि ढाकुरियाच्या बाजूला एका सोसायटीत राहायला लागलो. तिथे सोसायटीची दुर्गापूजा असते. विसर्जन झालं की काही दिवसांनी ‘विजया सम्मिलनी’ होते. थोरांच्या पाया पडायचं, मिठाई खायची आणि मग गाणी. एका वर्षी समितीने ठरवलं, नव्वदीत जे शाळा-कॉलेजात होते त्यांची गाणी करायची. मंचावर वेळ पाच गाण्यांपुरता. कुठली पाच आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवायला खालच्या हॉलमध्ये बैठक बसली. यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘हिच्या शाळेच्या दिवसांत यातलं एकही गाणं नव्हतं, म्हणजे ही कुणाचीच बाजू घेणार नाही,’ असं दुसऱ्या मजल्यावरच्या दीदींनी जाहीर करून टाकलं.

वाद घालण्याची या शहराची एक शिस्त आहे आणि ती मला त्या हॉलमध्ये नीट दिसली. बँकेतून निवृत्त व्हायला आलेल्या दादांनी पहिल्याच मिनिटाला नियम घातला. गाणं सुचवायचं तर ते कुणी लिहिलं, चाल कुणाची, कॅसेट कुठली, हे सांगता आलं पाहिजे. नुसतं ‘मला आवडतं’ चालणार नाही. आणि कुणालाही हा नियम जाचक वाटला नाही. जो तो ही माहिती घेऊनच आला होता.

पहिला बळी गेला सुमनचा. सुमन चट्टोपाध्याय, म्हणजे आताचे कबीर सुमन, जर्मनी आणि अमेरिकेत डॉइचे वेले आणि व्हॉइस ऑफ अमेरिका इथे काम करून परतले. १९९२ साली त्यांचा ‘तोमाके चाइ’ आला आणि बंगाली गाण्याचा रस्ताच बदलला. एक माणूस, एक गिटार आणि शहराचं रोजचं जगणं. पुढे आलेले नचिकेता, अंजन दत्त, नवे बँड यांना वाट मोकळी झाली ती तिथून. हे सगळं सगळ्यांनी मान्य केलं. तरी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या दादांनी ठाम सांगितलं, की हे गाणं पंधराव्या वर्षाचं नाही. हे मोठ्या माणसाचं गाणं आहे, आपण ते मोठे झाल्यावर समजलो. हॉल क्षणभर गप्प झाला आणि सुमनचं नाव यादीतून गेलं. मला तो निर्णय फार योग्य वाटला. थोर गाणं आणि त्या वयाचं गाणं यांत फरक असतो, आणि क्रम लावायला बसलेल्यांनी तो पाळलाच पाहिजे.

नचिकेता यांच्या ‘नीलांजना’वर कुणी आक्षेप घेतला नाही. १९९३ च्या ‘एइ बेश भालो आछि’ या अल्बममधलं गाणं, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुलीकडे लांबूनच पाहणाऱ्या मुलाचं. त्याला तिसरा क्रमांक द्यायचा की दुसरा, एवढाच प्रश्न राहिला.

खरी जुंपली ती रंजना आणि बेला बोस यांच्यात. दोन्ही अंजन दत्तांचीच. दार्जिलिंगच्या बोर्डिंग शाळेत वाढलेला, मृणाल सेनांच्या सिनेमात अभिनय केलेला हा माणूस. त्याच्या गाण्यांत मुलांना नावं असतात, मुलींना पत्ते असतात आणि रस्त्यांना कोपरे असतात. बेला बोसच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं, की त्यात एका पिढीची सगळी बेकारी आलीय. नोकरी नाही म्हणून लग्न नाही, आणि मुलीकडे दुसरी स्थळं येताहेत. त्या काळच्या बंगालमधल्या पदवीधर मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. ‘ते अकराशे रुपये आमच्या घरातले होते,’ असं बँकेतले दादा म्हणाले. त्यांना स्वतःची पहिली नोकरी त्याच सुमाराला लागलेली.

रंजनाची बाजू दीदींनी लढवली, आणि काय लढवली! वरवर पाहिलं तर हे एका घाबरलेल्या मुलाचं गाणं आहे. रंजनाच्या मोहल्ल्यात पाऊल टाकलंस तर पाय मोडू, अशी धमकी तिथल्या दादा लोकांनी दिलीय, म्हणून तो सांगतोय की मी यापुढे येणार नाही. चाल हलकी, ऐकणारा हसतो. मग गाण्यात पुढे कळतं, की मुलगा हिंदू नाही. धर्म त्याने निवडलेला नाही, आडनावही निवडलेलं नाही, आणि खोटं नाव सांगणं त्याला जमत नाही. दीदींनी विचारलं, हे गाणं कधी आलं ते आठवा. बाबरी मशीद पडली डिसेंबर १९९२ मध्ये. मुंबई जळली, कोलकात्यातही काही भागांत संचारबंदी लागली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतच हे गाणं शाळकरी मुलांच्या तोंडी होतं. दंगलीवर भाषणं पुष्कळ झाली, पण सायकलवरून मुलीच्या घरासमोरून जाणाऱ्या पोराच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे याच गाण्याने सांगितलं. आणि पोरं ते हसत हसत शिकली.

मी मुंबईत नातेवाइकांकडे त्या वर्षी जाऊ शकले नव्हते, एवढंच माझं त्या दंगलीशी नातं. तरी दीदी बोलत होत्या तेव्हा मला दादर-माहीमच्या रस्त्यांवरचे ते दिवस आठवत होते, घरात ऐकलेले. त्या पंधराव्या-सोळाव्या वर्षात मराठीत असं एक गाणं माझ्याजवळ असतं तर किती बरं झालं असतं, असं फार वाटलं.

अंजन दत्तांनी पुढे २०११ मध्ये ‘रंजना आमि आर आशबो ना’ या नावाचा सिनेमाच काढला. त्याला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संगीतासाठी त्यांच्या मुलाला, नील दत्त यांना. दीदींनी हा पुरावाही पुढे ठेवला. त्यावर भूगोलाचे दादा म्हणाले, पुरस्कार सिनेमाला आहे, गाण्याला नाही. अशा चोख हरकती मी साहित्य संमेलनांतही फारशा ऐकलेल्या नाहीत.

मध्येच तळमजल्यावरच्या काकीमा उठल्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांचं म्हणणं, नव्वदीच्या आधी काय कुणाला पंधरावं वर्ष लागलंच नव्हतं का? त्यांचं गाणं ‘मने पडे रुबी राय’. राहुल देव बर्मन यांनी स्वतः गायलेलं, सचिन भौमिक यांनी लिहिलेलं. मुलीची वाट पाहत बसस्टॉपवर ताटकळणारा मुलगा, आणि पुढे ती त्याला ओळखतसुद्धा नाही. हीच चाल आपण १९७३ च्या ‘अनामिका’त किशोरकुमारच्या आवाजात हिंदीतून ऐकली. काकीमांनी मग पूजेच्या गाण्यांबद्दल सांगितलं. दरवर्षी पूजेच्या आधी एचएमव्ही नव्या बंगाली रेकॉर्डी काढायची आणि सोबत ‘शारद अर्घ्य’ नावाची पुस्तिका, गायकांचे फोटो आणि गाण्यांचे शब्द छापलेली. सिनेमाशी या गाण्यांचा संबंध नसायचा. हेमंत मुखर्जी, मन्ना डे यांच्या जोडीला लताबाई आणि आशाबाईही त्यात असायच्या. सलील चौधरींच्या चालीवर लताबाईंनी गायलेलं ‘ना येओ ना’ काकीमांना तोंडपाठ होतं. (त्याच चालीवर ‘परख’मधलं ‘ओ सजना’ बांधलं गेलं.) मंगेशकर बहिणींच्या आवाजात कोलकात्याच्या मुलींची किती पूजा गेली, हे त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या. मला भरून आलं, हे लिहिण्यात संकोच नाही. एचएमव्हीचा कारखानाही याच शहरातला. १९०८ मध्ये आधी सियालदहला, १९२८ पासून दमदमला. देशभरच्या घरांत वाजलेल्या तबकड्या इथे तयार झाल्या.

रुबी रायला क्रमांक द्यायचा नाही, पण कार्यक्रमाची सुरुवात तिनेच करायची आणि ती काकीमांनी गायची, असं एकमताने ठरलं.

मग तिशीतल्या एका मुलाने ‘पल’चं नाव घेतलं, आणि हॉलमध्ये दोन तट पडले.

केकेचा ‘पल’ हा अल्बम १९९९ चा. संगीत लेस्ली लुईस यांचं, शब्द मेहबूब यांचे. त्यातली ‘पल’ आणि ‘यारों’ ही दोन गाणी भारतातल्या कुठल्या शाळेच्या निरोप समारंभात वाजली नसतील, असं मला वाटत नाही. पुण्यात आमच्या कॉलेजातही वाजली. त्याच १९९९ मध्ये बॅकस्ट्रीट बॉइजचं ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ जगभर गाजत होतं, आणि शहरातल्या इंग्रजी शाळांतली मुलं दोन्ही गाणी एकाच कॅसेटवर भरून घेत होती. आक्षेप असा आला, की हे हिंदी आहे, मुंबईचं आहे. बंगाली मुलांच्या यादीत ते कशाला? या आक्षेपामागे जुनं दुखणं आहे आणि ते खोटं नाही. बंगाली गायकांना आपल्याच गावात गर्दी मिळत नाही, मुंबईहून आलेल्यांना मिळते, ही तक्रार इथले कलाकार वर्षानुवर्षं करत आलेत.

पण केकेच्या बाबतीत कोलकात्याला वेगळं काही आठवतं. ३१ मे २०२२ ला रवींद्र सरोवराच्या काठावरच्या नजरूल मंचावर गुरुदास महाविद्यालयाच्या कार्यक्रमात तो गायला. शेवटचं गाणं ‘पल’. त्यानंतर त्याला बरं वाटेनासं झालं आणि त्याच रात्री तो गेला. वय ५३. दुसऱ्या दिवशी रवींद्र सदनात बंदुकांची सलामी देऊन राज्याने त्याला निरोप दिला, आणि अंत्यसंस्कार मुंबईत झाले. नजरूल मंच आमच्या सोसायटीपासून लांब नाही. त्या रात्री तिथे असलेली दोन मुलं या बैठकीतही होती. त्यांनी फार काही सांगितलं नाही. ‘आम्ही सगळे त्याच्याबरोबर गात होतो,’ एवढंच. आक्षेप घेणाऱ्यांनी आक्षेप मागे घेतला.

चौथ्या जागेसाठी ‘पृथिबी’ आलं. मोहीनेर घोडागुलि हा गौतम चट्टोपाध्याय यांचा सत्तरच्या दशकातला बँड. त्या काळी त्यांना फार थोड्यांनी ऐकलं. १९९५ मध्ये ‘आबार बछर कुडि परे’ निघाला आणि वीस वर्षं उशिरा एका नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतलं. ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ याच ‘पृथिबी’वरून आलंय, हे सांगायला तीन जण एकदम उठले.

बैठक संपता संपता बँकेतल्या दादांनी मला विचारलं, तुमच्याकडचं ‘जीव रंगला’ कुणी लिहिलं? श्रेया घोषालला २००८ चा राष्ट्रीय पुरस्कार ‘जोगवा’तल्या या गाण्यासाठी आणि ‘अंतहीन’मधल्या बंगाली ‘फेरारी मन’साठी मिळून मिळाला होता, हे त्यांना ठाऊक होतं. ‘फेरारी मन’चे गीतकार अनिंद्य चट्टोपाध्याय आणि चंद्रिल भट्टाचार्य, दोघेही चंद्रबिंदू बँडचे. मी सांगितलं, संजय कृष्णाजी पाटील, संगीत अजय-अतुल. दादांनी वहीत लिहून घेतलं. मग मी ‘गारवा’बद्दल सांगितलं. मिलिंद इंगळे यांचा आवाज, सौमित्रचे शब्द, आणि पहिला पाऊस पडला की होस्टेलच्या प्रत्येक खोलीतून येणारी ती कॅसेट. तेही त्यांनी लिहून घेतलं.

भावगीतांच्या बाबतीत आपण मराठी माणसं याच शिस्तीची. आकाशवाणीने आपल्याला गीतकार-संगीतकारांची नावं आधी आणि गाणं नंतर ऐकायला शिकवलं. गदिमा आणि बाबूजी यांच्याबद्दल आपण तासन्‌तास वाद घालतो. पण स्वतःच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी जी गाणी जीव तोडून ऐकली, त्यांचा विषय निघाला की हसून सोडून देतो, जणू ते काही लाजेचं होतं. कोलकात्यात त्या गाण्यांना तोच मान मिळतो जो मोठ्या गाण्यांना. त्यांच्यावर भांडतात, म्हणून ती लिहिणाऱ्यांची नावं शिल्लक राहतात. पार्क स्ट्रीटवरचं ‘म्युझिक वर्ल्ड’ २०१३ मध्ये बंद झालं, कॅसेटींच्या आतले कागद केव्हाच हरवले. फोनवर गाणं लावलं तर गीतकाराचं नाव शोधावं लागतं.

आमची अंतिम यादी अशी झाली. रंजना पहिली, बेला बोस दुसरी, नीलांजना तिसरी, पृथिबी चौथी, आणि शेवटी ‘पल’. रंजनाचा पहिला क्रमांक एका मताच्या फरकाने ठरला. माझं मत कुणी मागितलं नव्हतं, तरी मी ते दिलं, आणि ते रंजनालाच.

येत्या गणेशोत्सवात तुमच्या सोसायटीत हे करून पाहा. तुमची पाच मराठी गाणी काढा, क्रमावर मनसोक्त भांडा. नियम एकच ठेवा, गाणं सुचवणाऱ्याने ते कुणी लिहिलं हे सांगितलंच पाहिजे.