हिंदूराव ते देवगड

दिल्लीत रिक्षावाल्याला 'हिंदूराव' म्हटलं की तो थेट हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडतो. नाव मात्र आपल्या कागलच्या हिंदूराव घाटगे यांचं, म्हणजे बायजाबाई शिंद्यांच्या भावाचं! 1835 मध्ये विल्यम फ्रेझरचा खून झाला. त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला आणि ते दिल्लीकर झाले.

याच टेकडीखालच्या भाड्याच्या खोलीत मी रात्री बाबांसाठी फिशिंग रॉड बनवतेय. फायबरची कोरी काठी ऑनलाइन मागवली. टोक जमिनीला टेकवून ती हलकेच वाकवली, की हातात आपोआप फिरते आणि एका बाजूला स्थिरावते. तिथे खूण करून त्याच रेषेत रिंगा बसवायच्या. प्रत्येक रिंगेचे पाय नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायचे. मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून त्यावर इपॉक्सी लावायचं. ते घट्ट होईपर्यंत काठी हळूहळू फिरवत राहायचं, नाहीतर खाली थेंब लोंबतात.

आजारपणानंतर बाबांची उजवी पकड सैल झालीय. बाजारातली मूठ त्यांच्या हातातून निसटते, म्हणून मी कॉर्कची जाड मूठ बसवली.

दिवाळीत देवगडच्या खाडीवर दोघं मासे गरवायला जाऊ. हिंदूराव शेवटपर्यंत दिल्लीतच राहिले. माझी काठी मात्र गावी जाणार आहे.