काठावरची शिवण

पायात काटा मोडावा, चार दिवस त्याकडे दुर्लक्ष व्हावे आणि पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप यावा, हे आपल्या खेड्यांना नवे नाही. ‘रक्तात विष भिनले’ असे आपण म्हणतो. ते भिनते कसे, याचे उत्तर वाचून आम्ही स्तिमित झालो.

रक्तवाहिनीला आतून पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. गळवांना कारण होणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जंतूचे काही वाण एक विष सोडतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली दाखविले की, हे विष पेशीला ताठ ठेवणारे आतले धागे सैल करते. मग पेशी पसरते, पातळ होते. तिचे वरचे व खालचे आवरण एकमेकांस टेकते आणि पेशीच्याच अंगातून आरपार भोक पडते. तेलकट ताटावर पाण्याचा पातळ थर दिला, तर त्यात एखादी कोरडी जागा उघडते आणि आपोआप रुंदावते. भोकही त्याच न्यायाने, आवरणाच्या ताणाने रुंदावते. जंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. भोक त्याच्या कितीतरी पट मोठे!

परंतु पाणी निर्जीव आहे, पेशी सजीव. भोकाच्या काठाभोवती ती धाग्यांचे कडे गुंफते. फाटत्या कापडाच्या काठाला शिवण घालावी, तसे ते विस्तार रोखते. मग काठाकडून नवे आवरण सरकत येते आणि काही मिनिटांत भोक बुजते. परमेश्वराने एवढ्याशा पेशीलाही केवढे शहाणपण दिले आहे!

तथापि विषाचा मारा चालूच राहिला, तर शरीराची शिवण अपुरी पडते. तेथे माणसाने धावून जावे लागते. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनी १९९० च्या दशकात ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’तर्फे हेच ओळखले. दवाखाना दूर, म्हणून गावातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचार शिकवून त्यांनी ‘भारतवैद्य’ घडविल्या. दुखणे लहान असतानाच ते पाहणारे माणूस गावाला मिळाले.

संत पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली. आपल्या धर्मग्रामातही एखाद्या एकट्या म्हातारीची जखम लाल होते, सुजते, ताप चढतो. अशा वेळी तिला तातडीने डॉक्टरकडे नेणारा शेजारी हाच तो काठावरचा धागा.