तेल पिणारी गाडी

आमची जुनी गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल पिते. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावर सिग्नल सुटला की मागे निळा धूर. मेकॅनिक म्हणतो, "सर, २०डब्ल्यू-५० घाला." डब्ल्यू म्हणजे विंटर, मागचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. लेहच्या हिवाळ्यात हे तेल म्हणजे काकवी, स्टार्टर रडला असता. बेंगळुरूत थंडी कसली! पण उभी राहून निघताना धूर, म्हणजे संशय व्हॉल्व्ह सीलवर. दाट तेलाने गळती थोडी मंदावेल, झिजलेलं सील भरून येणार नाही. शुक्रवारी कुटुंबासह पुण्याला निघायचंय, सुमारे साडेआठशे किलोमीटर. सध्या २०डब्ल्यू-५० भरलंय, डिकीत एक डबा जास्तीचा. दर पेट्रोलपंपावर डिपस्टिक पाहायची. सील परत आल्यावर.