त्यांनी पाहिले तेवढे

सहा ऑगस्ट हा प्रभूच्या रूपांतराचा सण. त्या दिवशीच्या मिस्सेत संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील जो उतारा वाचला जातो, त्यात प्रेषित आपण प्रत्यक्षदर्शी असल्याचे आग्रहाने सांगतो. रचलेल्या कथांशी आपला संबंध नाही, असेही बजावतो. हे वाचन करताना आमचे मन दरवर्षी हिरोशिमाकडे वळते. १९४५ साली त्याच सणाच्या सकाळी, सव्वाआठ वाजता, तेथे अणुबॉम्ब पडला आणि काही येशूसंघीय धर्मगुरूंनी तो प्रकाश पाहिला.

या धर्मगुरूंविषयी एक गोष्ट भाविकांत मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. रोझरीच्या प्रभावामुळे त्यांना साधा ओरखडाही उठला नाही, किरणोत्सर्गाची बाधाही झाली नाही, अशी ती गोष्ट. प्रार्थनासभेनंतर आम्हांलाही ती ऐकवण्यात आली आहे. सांगणाऱ्यांच्या भक्तीविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण जे तेथे होते ते काय सांगतात?

स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे सव्वा किलोमीटरवर, नोबोरी-चो येथील मिशनगृहात चार धर्मगुरू राहत होते. भूकंपाच्या धास्तीने एका ब्रदरने ती इमारत जादा आधार देऊन बळकट केली होती, म्हणून ती उभी राहिली. तरीही फादर लासाल यांच्या पाठीत काचा घुसल्या. फादर शिफर डोक्याला जखम होऊन रक्तबंबाळ झाले. फादर विल्हेल्म क्लाइनसोर्ग तिसऱ्या मजल्यावर खाटेवर पडून मासिक वाचत होते. डोळे दिपवणारा प्रकाश झाला, आणि त्यानंतर त्यांना आठवते ते एवढेच, की आपण अंतर्वस्त्रांनिशी भाजीच्या मळ्यात फिरत आहोत. घरातून बाहेर कसे आलो, हे त्यांना कधीच सांगता आले नाही. एखाद्या वकिलाने अशा साक्षीदाराला उलटतपासणीत सहज आडवे केले असते! आम्हांला मात्र याच कबुलीमुळे त्यांचे उरलेले सांगणे विश्वसनीय वाटते.

त्या उरलेल्या सांगण्यात असानो उद्यानातील एक प्रसंग आहे. झुडपांआडून कोणीतरी पाणी मागितले. फादर जवळ गेले, तो तेथे बरेच सैनिक. चेहरे भाजलेले, डोळे गेलेले, आणि ओठ इतके सुजलेले की भांडे तोंडाला लावणे अशक्य. फादरांनी गवताचा एक जाड देठ खुडला, पाने काढून त्याची नळी केली आणि तिच्यातून त्यांना पाणी पाजले.

शहराबाहेर नागात्सुका येथे येशूसंघाचे नॉव्हिशिएट होते. तेथील फादर सिमेस यांना वाटले, बॉम्ब आपल्याच घरावर फुटला. ज्याला त्याला असेच वाटले होते. नवदीक्षितांचे गुरू फादर पेद्रो आरुपे पूर्वी वैद्यकशास्त्र शिकलेले. त्यांनी त्या घराचे रुग्णालय केले. दीडशेच्या आसपास जखमी तेथे आले. दुसऱ्या दिवशी मिस्सेत ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणण्यासाठी ते वळले, आणि जमिनीवर पसरलेल्या त्या देहांकडे पाहत क्षणभर जागीच थिजले. ज्याच्या जखमा ते धूत होते, त्या अस्त्राचे नावही त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढे फादर सिमेस यांनी वृत्तांत लिहिला. त्यात ते म्हणतात की, आम्ही तासन्‌तास भग्नावशेषांत काम केले आणि आम्हांला काही बाधा जाणवली नाही. त्यांनी पाहिले तेवढे त्यांनी लिहिले. फादर क्लाइनसोर्ग यांच्या जखमा मात्र भरून येईनात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. टोकियोच्या कॅथलिक रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांना सांगितले, दोन आठवड्यांत घरी जाल. आणि खोलीबाहेर येताच मदर सुपिरियरला सांगितले की हे वाचणार नाहीत. १९४६ साली अमेरिकन लेखक जॉन हर्सी हिरोशिमाला आले, तेव्हा फादर जिवंत होते आणि त्यांनी आपली हकिकत त्यांना सांगितली.

त्यानंतर फादर जपानचे नागरिक झाले आणि त्यांनी ताकाकुरा हे नाव घेतले. दुखणे सुटले नाही. रुग्णालयातून परवानगी मिळाली की ते पुन्हा लोकांत परतत, आजाऱ्यांकडे जात, आणि पुन्हा अंथरुणाला खिळत. १९७७ साली त्यांचे निधन झाले.