ऑपरेशन झालंय, मग दिवस कसे राहतील?

शंभर गरोदर बायकांमध्ये एक-दोघींचा गर्भ गर्भाशयात रुजतच नाही, बाहेरच राहतो. दहापैकी नऊहून जास्त वेळा ती जागा म्हणजे गर्भनलिका. हीच एक्टोपिक प्रेग्नन्सी. आपल्या घरांत ‘ट्यूबमध्ये राहिलं’ एवढंच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. आकडा लहान वाटतोय? एखाद्या लग्नाच्या पंगतीतल्या बायका मोजून बघा.

गर्भनलिका बारीक असते, तिला गर्भाशयासारखं ताणता येत नाही. गर्भ वाढला की ती फाटू शकते आणि पोटात रक्तस्राव होतो. तो गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही का, असं मला दोन मैत्रिणींनी विचारलं. नाही येत. लवकर कळलं तर कधी कधी इंजेक्शनवर भागतं, नाहीतर शस्त्रक्रिया.

माझी मावशी इंदूरला असते. धाकट्याच्या वेळीच तिचं मुलं बंद करण्याचं ऑपरेशन झालं होतं. नऊ वर्षांनी पाळी लांबली, मग थोडं थोडं डाग जाऊ लागलं, पोटात एका बाजूला दुखू लागलं. घरात सगळ्यांनी ठरवलं, पाळी जायचं वय जवळ आलंय. दोन दिवस ओवा-गरम पाणी चाललं. तिसऱ्या दिवशी खांदा दुखतोय म्हणाली आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. नणंदेने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ट्यूब फाटली होती. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. ‘पण हिचं तर ऑपरेशन झालंय!’ काका डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होते.

काकांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही, ते सगळ्यांनाच अशक्य वाटतं. नसबंदी फसते फार क्वचित. पण फसलीच, तर राहिलेला गर्भ ट्यूबमध्ये असण्याची शक्यता बरीच असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत अशा साधारण तीन गर्भधारणांमागे एक ट्यूबमधली निघाली. आपल्या देशात तर सर्वांत जास्त वापरलं जाणारं गर्भनिरोधन हेच. तांबीचंही तसंच. तांबीमुळे दिवस राहण्याचीच शक्यता एवढी कमी होते की एकूण धोका घटतो. पण तांबी असताना राहिलंच, तर आधी जागा तपासायची.

बाकी धोका कुणाला? आधी एकदा असं झालेलं, ट्यूबवर किंवा पोटात शस्त्रक्रिया झालेली, अंगावर काढलेला ओटीपोटातला जंतुसंसर्ग, जननमार्गाचा टीबी (आपल्याकडे याचं नाव काढलं की लोक छातीच्या खोकल्यावर येतात, पण तो ट्यूबही खराब करतो), सिगारेट, पस्तिशीपुढचं वय, आयव्हीएफ. आणि जवळजवळ निम्म्या बायकांत यातलं काहीच सापडत नाही. म्हणून ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न सासूने, आईने, कुणीच विचारू नये.

दुकानातून गर्भपाताची गोळी आणून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ट्यूबमधल्या गर्भावर ती चालत नाही. रक्त जातं, मोकळं झालं असं वाटतं आणि आत गर्भ वाढतच राहतो.

पाळी चुकलीय आणि पोटात दुखतंय, डाग जातंय, तर ऑपरेशन झालेलं असो, तांबी असो, आधी यूपीटी करा. पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सोनोग्राफीचं विचारा. खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर टेस्टचीही वाट बघू नका, थेट इस्पितळ गाठा. एकदा असं होऊन गेलेल्यांपैकी साधारण दहात एकीला पुन्हा होऊ शकतं, बऱ्याच जणींना पुढे व्यवस्थित मूलही होतं. त्यांनी पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना जुनी फाइल दाखवायची, सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी होते.